चारशेसातचं चार्जिंग : कामाच्या नोंदी

गाडी : टाटा ४०७, १९९९ सालची. आरसी बुकात कंपनीचं नाव अजून टेल्को आहे, टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये आलं. बारा व्होल्ट, एक बॅटरी. चालवतात अण्णा, म्हणजे माझे वडील. अधूनमधून दाजी. मी चालवतो ती फक्त दुरुस्तीला न्यायची असली तर. माझी नोकरी भोसरीला कारखान्यात, मेंटेनन्सला. तिथे नोंदवहीत लिहिल्याशिवाय पॅनेलला हात लावू देत नाहीत. ती खोड घरी आली, म्हणून ही वही.

३ ऑगस्ट

पहाटे दोनला अण्णांनी चावी फिरवली आणि नुसतं कट-कट-कट. सेल्फ उचलला नाही. पाऊस होता. शेजारचे दोघं उठवले, फुरसुंगीच्या आमच्या गल्लीला नशिबाने उतार आहे, धक्का मारून गाडी चालू केली. उरुळी कांचनला भाजी भरून मार्केट यार्डात पोचायला साडेपाच झाले. कोथिंबिरीचा लिलाव निम्मा उरकला होता. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत, म्हणजे राग बराच आला होता.

यार्डाजवळ एका वायरमनने गाडी पाहिली. पद्धत जुनीच. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपटलं. गाडी बंद पडली नाही. "डायनामो ओके आहे, बॅटरी गेली, बदला."

मला हे संध्याकाळी कळलं आणि डोकं सणकलं. ही डिझेल गाडी आहे. पंप यांत्रिक, बंद करायची तर स्टॉपची केबल ओढावी लागते. एकदा चालू झाल्यावर हिला विजेची गरजच नाही. टर्मिनल काय, अख्खी बॅटरी उचलून नेली तरी ती फुरफुरत राहील. शिवाय चालू अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज करणारा, वायरमन त्यालाच डायनामो म्हणतो) बॅटरी अशी तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्याच्या आतले डायोड उडू शकतात. म्हणजे या तपासणीतून कळत काहीच नाही, पण चांगला अल्टरनेटर मात्र बिघडू शकतो.

बॅटरी चौदा महिन्यांची आहे. बदलणार नाही. आधी मोजणार.

बॅटरी, गाडी बंद : ११.७ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ रिकामी.

४ ऑगस्ट

बॅटरी उतरवून ओसरीत आणली. सहाही झाकणं उघडली. पाणी प्लेटांच्या वर, ठीक. हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजायची नळी) एकेक कप्पा मोजला : ११६५, ११६०, ११६५, ११७०, ११६०, ११६५.

हे आकडे वाईट आहेत, पण वाईटपणा सहाही कप्प्यांत सारखा आहे. एखादा कप्पा मेलेला असता तर पाच ठीक आणि एक खाली असं दिसलं असतं. सगळे एका ओळीत खाली, म्हणजे बॅटरी आजारी नाही, उपाशी आहे. तिला कुणी जेवायलाच घालत नाही.

चार्जर लावला. आठ अँपिअर, रात्रभर. आईला सांगितलं, खिडकी उघडी ठेव आणि देवघरातली उदबत्ती आज बॅटरीपासून लांब लाव. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

५ ऑगस्ट

चार्जर काढून दिवसभर विश्रांती दिल्यावर १२.६५ व्होल्ट. कप्पे १२४५ ते १२५०. सहाही वर आले. बॅटरी निर्दोष.

गाडी उभी असताना कोणी करंट खातंय का, तेही पाहिलं. निगेटिव्ह टर्मिनल काढून मध्ये मल्टिमीटर, दहा अँपिअरच्या भोकात. १८ मिलिअँपिअर. ते टेपचं घड्याळ. ५० पर्यंत मी दुर्लक्ष करतो. विषय संपला. (मीटर असा मध्ये असताना कुणी सेल्फ मारू नये. मी एकदा मारलाय. मीटरचा फ्यूज नेमका कुठल्या आकाराचा मिळतो ते त्या दिवशी शिकलो.)

६ ऑगस्ट

चालू गाडीची मोजणी. कामावरून आल्यावर, दिवेलागणीला.

सुरू केली, दोनदा रेस केली, बॅटरीवर मीटर लावला : १४.२ व्होल्ट. सुंदर. हेडलाईट, वायपर सगळं लावलं : १३.३. हे नाही आवडलं. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, सेंटिमीटरभर दबतो, ताण बरोबर. घसरल्याची चीची नाही.

मग तारांमध्ये किती व्होल्ट गळतात ते मोजलं. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लसवर (वीज बाहेर येते ते टर्मिनल), दुसरी बॅटरीच्या प्लसवर, दिवे चालू. चांगल्या तारेत इथे ०.२ च्या आसपास दिसावं. दिसलं ०.४२. मग अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह : ०.५५. इथे तर ०.२ सुद्धा जास्त. म्हणजे एक व्होल्ट नुसता वाटेतच जिरतोय.

प्लसच्या बाजूला तारेच्या टोकाचं थिंबल हिरवं पडलं होतं. कापून नवं बसवलं. निगेटिव्हच्या बाजूला इंजिनपासून चेसीपर्यंत जी विणलेली अर्थची पट्टी येते तिचे निम्मे धागे तुटलेले, उरलेले तेलात भिजून काळे. दुपारीच नाना पेठेतून नवी पट्टी आणली होती (अंदाज होता). चेसीवरचा रंग वायर ब्रशने खरवडून लोखंड चकाकेपर्यंत घासलं, १७ नंबरच्या पान्याने आवळलं, वरून ग्रीस.

पुन्हा मोजलं : ०.१२ आणि ०.०८. दिवे-वायपर लावून बॅटरीवर १४.०.

अल्टरनेटर उतरवला नाही, आणि उतरवायचा नाहीच. या गाडीत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप त्याच्या पाठीलाच बसलेला असतो. तेलाची नळी, व्हॅक्यूमचा पाईप, सगळं सोडवावं लागतं. चार्जिंग दुरुस्त करता करता ब्रेक बिघडवायचे नाहीत. सासवडच्या वाटेवर घाट आहे.

अण्णांना सांगितलं, झालं काम. वही बंद.

९ ऑगस्ट

वही उघडली.

पहाटे दोन. कट-कट-कट.

१० ऑगस्ट

दोन रात्री चांगली चालली, तिसऱ्या रात्री मेली. तारा खराब होत्या हे खरं, पण रोग तो नव्हता. तो वेगळाच रोग होता, जो असाच सापडला.

मला खटकतंय ते हे की मी मोजतो तेव्हा १४.२ असतात. प्रत्येक वेळी. रोगी डॉक्टरसमोर ठणठणीत.

आता पद्धत बदलतो. केबिनमध्ये शंभर पानी वही सुतळीने बांधली. रोज गाडी सुरू करायच्या आधी व्होल्टेज लिहायचं. फेरी कुठली, पाऊस होता का, कोण चालवत होतं. अण्णा म्हणाले, "मीटर कसा लावायचा?" लाल लालला, काळा काळ्याला, आकडा दिसेल तो लिहायचा. त्यांनी सातवीपर्यंतच्या अक्षरात लिहायला घेतलं आणि खरं सांगायचं तर त्यांच्या नोंदी माझ्यापेक्षा नेटक्या आहेत. एके ठिकाणी "१२.४, पाऊस, मन लागत नाही" असंही आहे.

१६ ऑगस्ट

सहा दिवसांच्या नोंदी. फेरी झाल्यावर दुसऱ्या दिवशी निघण्याआधीचं व्होल्टेज :

उरुळीच्या फेरीनंतर १२.२. पुन्हा उरुळी, ११.९ (मध्ये चार्जरला लावली). सासवडहून सीताफळं आणली त्यानंतर १२.६. पुन्हा सासवड, १२.६. उरुळी, १२.२. सासवड, १२.६.

सीताफळाचा हंगाम सुरू झालाय म्हणून दिवे घाटाच्या फेऱ्या वाढल्यात. आणि घाट चढला-उतरला की बॅटरी भरलेली, सोलापूर रस्त्याने सपाट गेलं की उपाशी.

मी लगेच सिद्धांत मांडला : घाटातल्या वळणांना गाडी हलते, कुठलीतरी सैल तार टेकते. दोन तास टॉर्च घेऊन वायरिंगचा गठ्ठा चाचपला. नदीपात्रातल्या ढोलपथकांसारखा मी बॉनेटवर आणि टपावर हाताने ताल धरून पाहिला, मीटरचा काटा ढिम्म. (काटा नाही, आकडा. सवय.) सैल काही नाही.

डायोडसुद्धा पाहून घेतले. चालू गाडीत मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावला, ०.०६ व्होल्ट. डायोड गेला असता तर अर्ध्या व्होल्टाच्या वर दिसलं असतं.

१९ ऑगस्ट

अण्णांना ताप. उरुळीची फेरी दाजींनी केली.

२० तारखेला पहाटे : १२.६.

उरुळीच्या फेरीनंतर, सपाट रस्त्यानंतर, १२.६. माझा घाटाचा सिद्धांत त्या एका आकड्याने खलास केला. वही मागे चाळून रकाना बघितला. सासवडच्या तिन्ही फेऱ्या : दाजी. उरुळीच्या सगळ्या : अण्णा. घाट अण्णांना आता गुडघ्यामुळे झेपत नाही, म्हणून ती फेरी दाजींकडे. रस्ता बदलत होता तसा ड्रायव्हरही बदलत होता, आणि मी नुसत्या रस्त्याकडे बघत बसलो होतो.

दाजींना हे कळल्यावर काय झालं ते लिहीत नाही. "गाडी माणूस ओळखते" हे वाक्य आता दिवाळीपर्यंत ऐकायचं आहे.

२१ ऑगस्ट

आज अर्धा दिवस सुट्टी काढून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. क्लॅम्प मीटर हवा होता. दुकानदाराने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, "एसीचा का डीसीचा?" स्वस्तातले क्लॅम्प फक्त एसी मोजतात, गाडीला लावले तर शून्य दाखवत बसतात. डीसीचा घेतला. महाग पडला. घरी किंमत सांगितलेली नाही.

आता बॅटरीच्या जाड तारेभोवती तो अडकवला की चालत्या गाडीत करंट बॅटरीत जातोय का बाहेर येतोय, ते तोडफोड न करता दिसेल. अण्णांचा ताप उतरलाय. उद्या त्यांच्याबरोबर जातो.

२२ ऑगस्ट

आजची नोंद लांब आहे.

पहाटे दोनला निघालो. सुरू करायच्या आधी १२.६. अण्णांनी सेल्फ मारला, इंजिन लागलं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय सुद्धा नाही. मिनिटभर तसंच आयडलवर गरम होऊ दिलं. डोळे मिटून आवाज ऐकतात ते. मग दिवे लावले आणि गाडी गल्लीतून अशी बाहेर काढली की शेजारचं कुत्रंही उठलं नाही.

क्लॅम्पवर : उणे १५ अँपिअर. हेडलाईटच्या दोन बल्बचेच नऊ-साडेनऊ होतात, वर टेललाईट आणि वायपर. सगळं बॅटरीतून. अल्टरनेटरकडून शून्य.

शेवाळवाडी आली, उणे १५. कवडीपाटच्या जुन्या टोलनाक्यापाशी, उणे १५. अण्णा पहिला गिअर गाडी हलेपर्यंतच ठेवतात, दुसरा लगेच, तिसरा लगेच, आणि मग टॉपमध्ये चाळीसने. इंजिन कधी ओरडत नाही. चाळीस वर्षं डिझेल वाचवलेला माणूस आहे. लोणी काळभोरपर्यंत मी हातातल्या आकड्याकडे बघत होतो आणि मला तो आकडा पाठ झाला होता.

थेऊर फाट्याच्या पुढे मी म्हटलं, "अण्णा, जरा बाजूला घ्या. न्यूट्रल करा आणि एकदा जोरात रेस करा."

"कशाला?"

"करा तर."

त्यांनी मनाविरुद्ध पाय दाबला. इंजिन चढलं आणि क्लॅम्पवरचा आकडा उणे १५ वरून सरळ अधिक १९ वर गेला. हेडलाईट एकदम पांढरे झाले, समोरच्या मैलाच्या दगडावरचं 'सोलापूर' दिसायला लागलं. अण्णांनी पाय काढला, इंजिन परत आयडलवर आलं, तरी आकडा अधिकच. अधिक ८, अधिक ९.

अण्णा दिव्यांकडे बघत म्हणाले, "अरे, हे असे होते होय."

तर असं आहे. अल्टरनेटर चांगला आहे, फक्त तो जागा होत नाही. एकदा जोरात फिरवला की जागा होतो आणि गाडी बंद होईपर्यंत जागा राहतो. दाजी सुरू करताक्षणी दोनदा घुर्रर घुर्रर करतात, तेव्हाच जागा होतो. मीही तपासताना रेस करत होतो, म्हणून मला कायम १४.२ दिसत होते. अण्णा कधी रेस करत नाहीत.

घरी आल्यावर दुपारी बसलो. अल्टरनेटरला वीज तयार करायला आधी थोडी वीज लागते. आतल्या रोटरच्या गुंडाळीला चुंबक बनवायला. ती थोडी वीज त्याला येते कुठून, तर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून. चावी दिली की बॅटरीतून करंट निघतो, त्या दिव्यातून जातो, अल्टरनेटरच्या छोट्या टर्मिनलला पोचतो, रोटरमधून अर्थ होतो. दिवा लागतो आणि रोटर जरासा चुंबक होतो. इंजिन फिरलं की अल्टरनेटर स्वतःचा करंट स्वतःला द्यायला लागतो, दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. म्हणजे तो दिवा नुसता खबर देणारा नाही, अल्टरनेटरला पहिला घास तोच भरवतो. तो घास मिळाला नाही तर रोटरच्या लोखंडात उरलेल्या किरकोळ चुंबकत्वावर भागवावं लागतं, आणि त्याला वेग लागतो.

चावी दिली. लाल दिवा लागला नाही.

"अण्णा, हा दिवा कधीपासून लागत नाही?"

"लागत नाहीच. चार्जिंगची काही तक्रारच नाही ना." दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक, हा त्यांचा हिशोब. माझाही तोच होता की. या गाडीत मी तीन आठवडे वाकतोय आणि एकदाही त्या दिव्याकडे पाहिलं नाही.

डॅशबोर्डचे चार स्क्रू काढले, मीटर पुढे ओढला, मागून होल्डर फिरवून बाहेर काढला. आत बल्ब नव्हता, एलईडी होती. अण्णांना आठवलं : रात्री मीटर दिसत नाही म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी त्यांनी रस्त्यावरच्या एकाकडून सगळे बल्ब बदलून घेतले होते. त्याने सरसकट एलईडी टाकल्या. मीटरच्या उजेडाला त्या उत्तम आहेत. चार्जिंगच्या जागी मात्र नाही.

त्यातही ही उलटी बसली होती. साध्या बल्बला सुलटं-उलटं नसतं, एलईडीला असतं. उलटी एलईडी लागत नाही आणि करंटही जाऊ देत नाही.

हे खात्रीने पाहायचं म्हणून स्क्रूड्रायव्हरची युक्ती केली. इंजिन बंद, चावी चालू, स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ नेलं. उलटी एलईडी : काहीच ओढ नाही. एलईडी काढून सुलटी बसवली : दिवा लागला, अण्णा खूश, पण स्क्रूड्रायव्हरला ओढ तरीही नाही म्हणावी अशीच. गाडी सुरू केली, आयडलवर दिवा तसाच लाल, रेस केल्यावर विझला. म्हणजे सुलटी करूनही पुरत नाही. हिशोब सोपा आहे : दोन वॅटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर १६० मिलिअँपिअरच्या वर सोडतो, ही एलईडी १५-२० सोडत असेल. दहाव्या हिश्शाच्या घासावर तो उठत नाही.

जवळच्या दुकानातून दोन वॅटचा कॅपलेस बल्ब आणला. पंधरा रुपये. बसवला. चावी दिली, पिवळट तांबडा मंद दिवा लागला. स्क्रूड्रायव्हर नटाकडे नेला आणि शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला टोक आपोआप सरकलं, टक् करून चिकटलं. हलकीच ओढ, पण हाताला स्पष्ट जाणवणारी. अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तीनदा चिकटवून पाहिला.

सुरू केली. रेस नाही, पाय नाही. दिवा दोन सेकंदांत विझला. बॅटरीवर १४.१.

२३ ऑगस्ट

पहाटे सव्वादोनला अण्णांचा फोन. "लाल दिवा लागलाय रे."

"गाडी सुरू केली का?"

"नाही, नुसती चावी दिली."

"मग लागणारच. सुरू करा."

थोडा वेळ शांतता, मग इंजिनचा आवाज. "गेला."

३० ऑगस्ट

आठवड्याच्या नोंदी, सगळ्या अण्णांच्या, सगळ्या उरुळीच्या : १२.५, १२.६, १२.६, १२.६, १२.६, १२.७. चार्जर कपाटात गेला. कप्पे पुन्हा मोजले, सहाही १२५० ला.

जादाचा एक कॅपलेस बल्ब डॅशबोर्डच्या खणात चिकटपट्टीने चिकटवून ठेवला आहे आणि होल्डरला लाल टेप गुंडाळून त्यावर पेनने लिहिलं आहे : "एलईडी नको."

दाजींना सांगितलं, आता सुरू केल्यावर रेस करायची गरज नाही. ते म्हणाले बरं. आज सकाळी सासवडला निघाले तेव्हा सगळी गल्ली उठली.